टोटल टेस्टोस्टेरॉन २८५ म्हणजे 'लो', फ्री मात्र 'नॉर्मल': धरायचं कुठलं?

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे, पण घरच्यांशी बोलून झालंय, आता इथे विचारतो.

वय ४३. उंची पाच फूट सात, वजन ९४. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. गेलं वर्षभर अंगात जीव नाही असं वाटतं. जेवलो की डोळे मिटतात, चिडचिड वाढलीय, आणि नवराबायकोतली ओढही कमी झालीय. बायको म्हणाली, एकदा सगळं रक्त तपासून घ्या. म्हणून ते 'फुल बॉडी' पॅकेज घेतलं. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर चौदा पानी रिपोर्ट.

त्यात टोटल टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २८५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. छापलेली हद्द ३०० ते १०००, म्हणून पुढे लाल अक्षरांत 'लो'. खालच्याच ओळीत फ्री टेस्टोस्टेरॉन ९.४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, हद्द ६.८ ते २१.५, म्हणजे नॉर्मल. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.१. थायरॉइड ठीक.

आता एकच रक्त, एकच माणूस, एक आकडा म्हणतो कमी आणि दुसरा म्हणतो बरोबर. त्यात रात्री नेटवर शोधत बसलो तर तिथे फ्रीची हद्द ५० ते २०० अशी काहीतरी दिसली. मग माझं ९.४ म्हणजे काय, संपलंच की सगळं?

आमचे फॅमिली डॉक्टर भले माणूस आहेत. त्यांनी कागद बघितला, 'वयाप्रमाणे आहे, वजन उतरव' म्हणाले आणि पुढचा पेशंट आत घेतला. जिमचा ट्रेनर म्हणतो टेस्टोस्टेरॉनचं अडीचशेचं इंजेक्शन घे, तीन आठवड्यांत वाघ होशील. दुसऱ्या मुलाचा विचार चाललाय, म्हणून घाबरतो. कोणाला हे आकडे वाचता येतात का?

---

लोहपुरुष_मडगाव

भाऊ, २८५ म्हणजे साठीच्या म्हाताऱ्याचा आकडा. डॉक्टर लोक नेहमी 'वयाप्रमाणे' म्हणतात. आमच्या जिममध्ये किती जण घेतात, सगळे मस्त आहेत. ट्रेनर बरोबर सांगतोय.

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

कुळागर, तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस. मी डॉक्टर नाही. जन्म बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेला, आता निवृत्त. औषध मी सांगणार नाही. आकडा कसा तयार होतो ते मला ठाऊक आहे, तेवढंच सांगते.

आधी तीन गोष्टी सांग. रक्त किती वाजता दिलंस? त्याआधी काय खाल्लंस? आणि त्या आठवड्यात पाळी कुठली होती? चौथी गोष्ट, केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतोस का? तू उत्तर देईपर्यंत बाकीचं लिहून टाकते.

टोटल म्हणजे रक्तात असलेलं सगळं टेस्टोस्टेरॉन. पण ते सुटं फिरत नाही. बराच भाग एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो. दुसरा मोठा भाग अल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाला, पण सैल. अगदी सुटं उरतं ते पुरुषात साधारण दोन टक्के, कुणात दीड, कुणात तीन. सुटं अधिक अल्ब्युमिनवरचं मिळून जे होतं त्याला बायोअव्हेलेबल म्हणतात, म्हणजे शरीराच्या हाताला लागणारं.

तू नाव कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, असं घेतलंयस म्हणून त्याच भाषेत सांगते. माडावर शंभर नारळ आहेत म्हणून आजच्या हुमणाला खोबरं आहे असं होत नाही. वरचे नारळ पाडेली आल्याशिवाय खाली येत नाहीत, आणि हल्ली पाडेली मिळतो कुठे! ते एसएचबीजीवरचं. खाली पडून पडवीत रचलेले असतात ते अल्ब्युमिनवरचं, सोलले की वापरता येतात. आणि खवून वाटीत ठेवलेलं ते फ्री. तुझ्या रिपोर्टातलं टोटल हे माड, पडवी आणि वाटी मिळून केलेली मोजणी आहे. माडावर किती अडकलेत हे कळल्याशिवाय त्या मोजणीला अर्थ नाही, आणि नेमका तोच आकडा, एसएचबीजी, तुझ्या चौदा पानांत नाही. पॅकेजमध्ये तो सहसा नसतोच. जीवनसत्त्वांची रांग लावतील, पण हा घालणार नाहीत.

एसएचबीजी यकृतात तयार होतं. वजन वाढलं, पोट सुटलं, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं, की यकृत ते कमी बनवतं. थायरॉइड मंदावलं, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, लघवीतून प्रथिनं जात असली तरी कमी होतं. उलट वय वाढलं, थायरॉइड जोरात असलं, यकृताचा जुना आजार असला, फिट्सच्या काही गोळ्या चालू असल्या की वाढतं.

आता स्वतःकडे बघ. ९४ किलो, एचबीएवनसी ६.१. मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभा आहेस. आणि त्यात तू एकटा नाहीस रे. २०२३ साली आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. अशा माणसात एसएचबीजी खाली असण्याची शक्यता दाट. एसएचबीजी खाली गेलं की टोटल आपोआप खाली दिसतं, कारण माडावर लटकायला जागाच कमी. वाटीतलं मात्र शाबूत असू शकतं. असेलच असं म्हणत नाही, मोजल्याशिवाय कळणार नाही.

आता तुझं ९.४. अनेक लॅब फ्री टेस्टोस्टेरॉन थेट किटवर करतात. त्या किटचा आकडा खऱ्या फ्रीपेक्षा कितीतरी लहान येतो, त्याची हद्दही वेगळी छापलेली असते, एक आकडी ते विशीपर्यंत. तू नेटवर पाहिलेली ५० ते २०० ही पट्टी डायलिसिस पद्धतीने (लॅबमध्ये पातळ पडद्यातून सुटं तेवढं वेगळं करून) किंवा हिशेबाने काढलेल्या फ्रीची आहे. दोन्हीकडे एकक पिकोग्रॅमच, म्हणून माणूस फसतो. एका पट्टीवरचं माप दुसऱ्या पट्टीवर वाचलंस तर झोप उडणारच. शिवाय हे थेट किट एसएचबीजी कमी-जास्त असलेल्या माणसात भलतंच सांगतं, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ते उपयोगाचं नाही. एंडोक्रायनॉलॉजीवाल्यांच्या, म्हणजे हार्मोनतज्ज्ञांच्या, मार्गदर्शक सूचनांत ते वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी लॅबा चालवतात, कारण स्वस्त आणि झटपट.

म्हणून ९.४ नॉर्मल म्हणून खूश होऊ नको आणि ५० पेक्षा कमी म्हणून रडूही नको. तो आकडा बाजूला ठेव.

लोहपुरुष, तुझ्याकडे नंतर येते.

---

कुळागर

आजी, वाचून बायकोलाही वाचायला दिलं. तिला पाडेलीचं पटलं, आमचा पाडेली दोन महिने येतो येतो म्हणतोय.

रक्त दुपारी साडेबाराला दिलं. रात्रपाळी संपवून सकाळी आठला झोपलो होतो, तो मुलगा बेल वाजवत आला म्हणून उठलो. तो येईपर्यंत, म्हणजे खाली गाडी लावेपर्यंत, चहा आणि दोन उंडे (पाव) खाऊन झाले होते. लॅबवाल्याने फोनवर 'साखरेसाठी नाश्त्याआधी हवं' असं काही सांगितलं नव्हतं, एचबीएवनसीला उपाशी लागत नाही म्हणाला. बायोटिन नाही घेत, केस गेलेच आहेत.

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

बघ, इथेच निम्मी गोष्ट सापडली.

टेस्टोस्टेरॉन झोपेत चढतं आणि सकाळी सर्वांत वर असतं. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान घ्यायचं, उपाशीपोटी. उपाशी का, तर साखर पोटात गेली की टोटल घसरतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या तपासणीत सरासरी पाव हिस्सा घसरण दिसली होती. दोन उंडे आणि साखरेचा चहा म्हणजे काही कमी नाही. आणि झोप? तरुण, धडधाकट मुलांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं, असं २०११ सालच्या एका अभ्यासात आलंय. तू तर साडेचार तास झोपून, घड्याळ उलटं करून, खाऊन रक्त दिलंस. त्यात २८५ आलं हेच मला जास्त वाटतं.

अजून एक. तुझ्या लॅबने खालची हद्द ३०० छापली. दुसऱ्या कंपनीचं मशीन असलेल्या लॅबने २५० च्या आसपास छापली असती आणि तोच २८५ काळ्या अक्षरांत आला असता. २०१७ साली अमेरिका आणि युरोपातल्या पाहण्या एकत्र करून, मोजमापं एका मापावर आणून, १९ ते ३९ वयाच्या लठ्ठ नसलेल्या पुरुषांसाठी २६४ ते ९१६ अशी हद्द ठरवली गेली. अमेरिकेतले मूत्ररोगतज्ज्ञ ३०० धरतात. म्हणजे ज्या लाल रंगाने तू घाबरलास तो लॅबच्या सॉफ्टवेअरचा रंग आहे. एका आकड्यावर कोणीही निदान करत नाही, निरनिराळ्या दिवशी दोनदा सकाळचं कमी आलं आणि त्रासही असला तरच पुढे जातात.

दिवसपाळीच्या आठवड्यात, त्यातही चार-पाच दिवस नीट रात्रीची झोप झाल्यावर, परत जा. ताप-सर्दी असेल तर नको, आजारपणात ते तात्पुरतं खाली जातं. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून एवढं लिहून घे: टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, अल्ब्युमिन, आणि मेंदूकडून येणारे तीन हार्मोन: एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन. फ्री टेस्टोस्टेरॉन लिहू नको, आपण हिशेबाने काढू.

आता लोहपुरुषासाठी. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच आणि एफएसएच पाठवणं बंद करतो. मग वृषणं आपलं काम थांबवतात, शुक्राणू बनणंही थांबतं. हे इतकं पक्कं आहे की १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनांची चाचणी घेतली होती. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या माणसाला तू अडीचशेचं इंजेक्शन सुचवतोस? बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिनोन् महिने लागतात. रक्त दाट होतं ते वेगळं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ५४ च्या वर गेलं की डॉक्टर औषध थांबवतात. तुमच्या जिममध्ये ते कोण तपासतं?

---

लोहपुरुष_मडगाव

ठीक आहे आजी, मूल हवं असेल तर नको. पण ज्यांना नकोय त्यांनी?

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

त्यांनी डॉक्टरकडे जावं. ट्रेनरकडे नाही.

---

डिचोलीकर

आजी, मध्येच घुसतो, माफ करा. आमचे काका ६८ वर्षांचे. पंचवीस-तीस वर्षं फिट्सची कार्बामॅझेपिन चालू आहे. हल्ली दंड-मांड्या पार वाळल्यात, गेल्या पावसात अंगणात घसरले तर मनगट मोडलं. एका तपासणीत टोटल टेस्टोस्टेरॉन ५२० आलं, 'वयाच्या मानाने उत्तम' म्हणून सांगितलं. पण तुम्ही फिट्सच्या गोळ्यांचं लिहिलंत म्हणून मागच्या महिन्यात केलेलं एसएचबीजी शोधून काढलं, फाइलमध्ये होतं, कुणी बघितलंच नव्हतं. एसएचबीजी ८५ नॅनोमोल, अल्ब्युमिन ४.२, एलएच १४. याला काही अर्थ आहे का?

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

अर्थ आहे, आणि भरपूर आहे. पण कुळागरचे आकडे येऊ देत, दोन्ही शेजारी मांडते. तोवर काकांची गोळी कोणी आपल्या मनाने बंद करू नका, एवढं लक्षात ठेवा.

---

कुळागर

आले. दिवसपाळीचा आठवडा, सकाळी आठला, उपाशी. यावेळी स्वतः लॅबमध्ये गेलो. तिथली पोरगी म्हणाली एसएचबीजी इथे होत नाही, मुंबईला जातं, चार दिवस लागतील.

टोटल ३४२. एसएचबीजी १४ नॅनोमोल प्रति लिटर. अल्ब्युमिन ४.४. एलएच ४.१. प्रोलॅक्टिन, एफएसएच हद्दीत.

म्हणजे ५७ ने वाढलं काहीही न करता! पण एसएचबीजीपुढे पुन्हा लाल 'लो' आहेच. आता ते वाढवायची गोळी असते का?

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

गोळी बिळी नाही. बस आणि हिशेब बघ.

फ्री हिशेबाने काढायचं सूत्र १९९९ साली बेल्जियमच्या व्हर्म्यूलेन आणि सहकाऱ्यांनी मांडलं, अजून तेच सर्वांत जास्त वापरतात. टोटल, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन तीन आकडे घालायचे. नेटवर फुकटचे कॅल्क्युलेटर आहेत. मी कागदावर केलं, सवय आहे. एकच ठिकाणी लोक आपटतात, ते म्हणजे एककं. टोटल आपल्याकडे नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतं, एसएचबीजी नॅनोमोलमध्ये. टोटलला २८.८४ ने भागलं की नॅनोमोल मिळतात. काही लॅबा टोटल नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये देतात, तिथे ३.४२ दिसेल. ते आणि ३४२ एकच. एकदा एक बाई ३.४२ बघून नवऱ्याला घेऊन रडत आलेली आठवते.

तुझे ३४२ म्हणजे ११.८६ नॅनोमोल. सूत्रातून फ्री येतं सुमारे ३४५ पिकोमोल प्रति लिटर, म्हणजे साधारण १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. टोटलच्या २.९ टक्के. बायोअव्हेलेबल २३८ च्या आसपास, म्हणजे तुझ्याकडे जे आहे त्यातलं जवळजवळ सत्तर टक्के हाताला लागणारं आहे.

आता काका. ५२० म्हणजे १८.०३ नॅनोमोल. एसएचबीजी ८५. फ्री येतं १९१ पिकोमोल, ५५ पिकोग्रॅम. टोटलच्या जेमतेम एक टक्का. बायोअव्हेलेबल १२६.

परत वाचा दोघांनी. काकांचं टोटल कुळागरच्या दीडपट, आणि मोकळं जवळजवळ निम्मं. ज्याला 'लो' म्हणून लाल केलं त्याच्याकडे पुरेसं आहे, ज्याला 'उत्तम' म्हणून घरी पाठवलं त्याच्याकडे नाही. युरोपातल्या मोठ्या पाहणीतून २०१० साली जे निकष आले त्यात टोटल ११ नॅनोमोलच्या खाली आणि फ्री २२० पिकोमोलच्या खाली, शिवाय तीन लैंगिक तक्रारी, असं सगळं एकत्र मागितलंय. काकांचं टोटल त्या निकषात बसत नाही, पण फ्री रेषेच्या खाली आहे. आणि एलएच १४ म्हणजे मेंदू ओरडून मागतोय आणि वृषणं पुरी पडत नाहीत. हाड मोडलेलं आहे. डिचोलीकर, हे सगळे कागद घेऊन काकांना बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) एंडोक्रायनॉलॉजी ओपीडीत न्या. हाडांची घनता तपासा म्हणतील बहुधा. फिट्सच्या औषधाचं काय करायचं ते न्यूरॉलॉजीवाल्यांशी बोलून ठरवतील. कार्बामॅझेपिन यकृताकडून एसएचबीजी जास्त बनवून घेतं, ते बदलायचं की नाही हा त्यांचा निर्णय.

कुळागर, तुझं एसएचबीजी १४ हा तुझ्या टेस्टोस्टेरॉनचा आजार नाही, पण निरुपद्रवीही नाही. खाली गेलेलं एसएचबीजी पुढे मधुमेह येणार असल्याची आगाऊ नोटीस असते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. ६.१ ला जोडून वाच. वजन उतरलं की एसएचबीजी चढतं, त्याबरोबर टोटलही. तुझे फॅमिली डॉक्टर जे दोन शब्दांत बोलले ते चूक नव्हतंच, फक्त त्यांनी खुर्ची ओढून समजावलं नाही. बाहेर पंधरा पेशंट असताना कोण समजावणार म्हणा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. मोकळं असेल तेवढंच काम करतं, हा सिद्धांत आहे, सगळ्यांना मान्य नाही. काही पेशी एसएचबीजीसकट आत घेतात असंही म्हणतात. आणि सूत्रही अंदाजच देतं, सगळ्यांचं एसएचबीजी सारखंच घट्ट धरतं असं गृहीत धरून. म्हणून ३४५ की ३३० यावर डोकं फोडू नको. रेषेच्या अगदी काठावर कोणी असेल तर मग डायलिसिस पद्धतीचं फ्री करून घ्यावं. तू काठावर नाहीस.

मग थकवा कशाचा? जेवल्यावर डोळे मिटतात म्हणालास. बायकोला विचार, घोरतोस का? मध्ये श्वास अडकतो का?

---

कुळागर

बायकोला विचारायची गरजच पडली नाही, ती खांद्यावरून वाचत होती. म्हणते, 'घोरतोस का असं विचारतात? वेर्ण्याच्या पठारावरचा ट्रक घाटी चढतो तसा आवाज येतो, आणि मध्येच बंद पडतो तेव्हा मी हलवून बघते.' हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं.

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

मग छातीच्या डॉक्टरकडे जा आणि झोपेची तपासणी करून घे. झोपेत श्वास अडकणं, पोट, साखर आणि टेस्टोस्टेरॉन हे चौघे एकमेकांचे हात धरून चालतात. तिथेच तुझा थकवा सापडला तर मला नवल वाटणार नाही.

---

अबोली (सावर्डे)

आजी, बायकांनाही हेच सूत्र लागू पडतं का? मला पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोन बिघडण्याचा त्रास) आहे, वय २६. टोटल टेस्टोस्टेरॉन हद्दीत आहे म्हणाले, पण हनुवटीवर केस आणि पाळी दोन-दोन महिने नाही. चार महिन्यांपूर्वीपर्यंत पाळीच्या गोळ्या चालू होत्या.

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

बाय, तुझ्यासाठी वेगळा धागा काढायला हवा, पण थोडक्यात सांगते. तत्त्व तेच. पीसीओएसमध्ये इन्सुलिनमुळे एसएचबीजी बहुधा खाली असतं, म्हणून टोटल हद्दीत दिसूनही मोकळं जास्त असू शकतं. बायकांमध्ये फ्री अँड्रोजन इंडेक्स बघतात: टोटल नॅनोमोलमध्ये, गुणिले शंभर, भागिले एसएचबीजी. पुरुषांत हा इंडेक्स वापरू नये, तिथे तो दिशाभूल करतो. बायकांत टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की साधी मशीनं तिथे चाचपडतात. मिळत असेल तर एलसी-एमएस या जास्त अचूक पद्धतीने करून घे. पाळीच्या गोळ्यांनी एसएचबीजी चढतं, त्या बंद करून निदान तीन महिने गेलेले हवेत. तुझे गेलेत, म्हणजे आता केलंस तर चालेल. आणि बायोटिन घेत असशील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबव. काही मशीनांवर त्याने टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एसएचबीजी आणि थायरॉइडचं टीएसएच खोटे कमी दिसतात. केस गळतात म्हणून पीसीओएसच्या मुली हमखास घेतात.

---

अबोली (सावर्डे)

घेते आजी, रोज दहा मिलिग्रॅमची. लॅबमध्ये कोणी विचारलं नाही.

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

विचारत नाहीतच. तूच चिठ्ठीवर लिहून दे. जुने रिपोर्ट कोणत्या दिवशी गोळी घेऊन झाले होते ते आठवत असेल तर तेही.

---

डिचोलीकर

गोमेकॉला जाऊन आलो. केसपेपर झाला, हाडांची घनता सांगितली आहे. तिथल्या डॉक्टरबाईंनी एसएचबीजीचा कागद बघून विचारलं हा कोणी शोधून काढायला सांगितला. काका म्हणाले, पुतण्याला म्हापशाची एक आजी भेटली.

---

कुळागर

झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली. ट्रेनरला ३४२ चा कागद दाखवला, तो म्हणाला तरीपण कमीच आहे. जिम बदलतोय, घराजवळ एक आहे, तिथला माणूस फक्त चालायला लावतो. टेस्टोस्टेरॉन परत कधी करू?

---

टेस्टट्यूब_आजी (म्हापसा)

वजन पाच-सात किलो उतरल्याशिवाय करू नको, उगाच पैसे. केलंस तर त्याच लॅबमध्ये, त्याच वेळी, एसएचबीजीसकट. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात नको.